रामदासांचं कलिंग

८ मे २०२५, रात्रीचे साडेअकरा. मारुंजीतल्या तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कराची बंदर जळतंय. विक्रांतने मारा केला, बंदर बेचिराख झालं, असं टीव्हीवरचे अँकर घसा फोडून सांगतायत आणि त्याचे स्क्रीनशॉट बी विंगमधून सी विंगमध्ये धावतायत. पाण्याच्या टँकरच्या पैशांवरून कालपर्यंत भांडणारे दोघे आज एकमेकांना तिरंगे पाठवतायत. फटाक्यांसाठी वर्गणी काढायची का, यावर मतदान सुरू झालंय.

झोप येणं शक्यच नाही. तुम्ही खाली उतरता. गेटवर रात्रपाळीचे काका आहेत, नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावर व्हिजिटर रजिस्टर आणि बंद ठेवलेला मोबाइल.

“काका, कराचीचं ऐकलंत का?”

“ऐकलं, सर. खोटं असणार.”

“कशावरून?”

“बंदर पेटलं तर लपत नाही. एकाहत्तरला केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नव्हत्या. आमचे सीनियर सांगायचे.” मग जरा थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणतात, “आमचे एक चीफ होते. रामदास साहेब. एकाहत्तरला लढलेले, वीरचक्रवाले. रिटायर झाले आणि पाकिस्तानातल्या लोकांबरोबर शांततेच्या सभा घेत फिरले. अलिबागला राहायचे. आम्हाला काही उलगडा व्हायचा नाही. असं काय बघितलं असेल हो त्यांनी?”

“कलिंग झालं असेल त्यांचं,” तुम्ही म्हणता. शाळेत वाचलेला सम्राट अशोक ऐन वेळी कामाला येतो.

“मग कुठे झालं ते बघा की,” काका म्हणतात आणि रजिस्टर तुमच्यापुढे सरकवतात. आत येणाऱ्याने सही करायची असते. आज बाहेर जाणाऱ्यानेही करायची, असं दिसतं.

सही करून तुम्ही मारुंजी रोडला लागता आणि उलटे चालू लागता. काही पावलांतच २०१६ चा जानेवारी येतो. याच पट्ट्यातल्या माळावर संघाचा शिवशक्ती संगम भरलाय, गणवेशातल्या रांगा नजर पोचेल तिथवर. आणखी मागे गेलात की एकेक टॉवर गळून पडतो, हिंजवडीच्या काचा विरघळतात, कंपन्यांच्या बसगाड्या नाहीशा होतात. रस्ता अरुंद होतो, मग कच्चा होतो. शेतं, बांध, बाभळी, बैलगाडीची चाकोरी. तुम्ही थांबत नाही. तुम्हाला १९७१ चा डिसेंबर गाठायचाय.

पायाखालची माती हलायला लागते. ती माती नव्हेच, पोलादाचं डेक आहे.

बंगालचा उपसागर. आयएनएस ब्यास, इंग्लंडात बांधलेली, डिझेल इंजिनांवर चालणारी फ्रिगेट. साडेचार इंची तोफांचे दोन बुरूज, एक पुढे, एक मागे. रात्र आहे आणि जहाजावर दिवा नाही. सिगारेट पेटवायचीही बंदी, कारण पाण्यावर ठिणगी मैलभर दिसते. ब्रिजवर तुम्ही एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहता. तुम्ही कुणाला दिसत नाही, पण धक्का लागेल अशी भीती वाटतेच. खालून इंजिनांची थरथर तळपायांतून गुडघ्यांपर्यंत चढते. डिझेलचा, ओल्या दोरांचा आणि रंगाचा वास. टेहळणीवरचा एक खलाशी दुर्बिणीला डोळे लावून आहे.

आणि तो पलीकडे उभा असलेला अधिकारी म्हणजे जहाजाचा कप्तान, कमांडर लक्ष्मीनारायण रामदास. वय अडतीस. जन्म माटुंग्याचा, १९३३ चा. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहण्याआधी, १९४९ साली, तो डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये कॅडेट म्हणून दाखल झाला. कामातलं त्याचं खास अंग दळणवळणाचं, म्हणजे संदेश पाठवणं, पकडणं, समजून घेणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युद्धाचं मोठं चित्र तुम्हाला माहीत असतंच. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडचे आपले विमानतळ झोडपले. त्याच रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली. दुसऱ्या दिवसापासून विक्रांतवरची सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगावावर झेपावू लागली. विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला आहे, वेग पुरता मिळत नाही, तरीही ती लढतेय. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जिचं नाव गरगरतंय ती विक्रांत वेगळी, ही मूळची. ब्यास तिच्याच ताफ्यात आहे आणि तिच्या वाट्याला आलंय नाकेबंदीचं काम. पूर्व पाकिस्तानात एक गोणही समुद्रातून आत जाता कामा नये आणि एक सैनिकही बाहेर निसटता कामा नये.

नाकेबंदी सिनेमात दाखवायला कंटाळवाणी असते. तासन्‌तास काही घडत नाही. मग रडारच्या हिरव्या पडद्यावर एक ठिपका उमटतो. तो मासेमारीचा पडाव आहे, तटस्थ देशाचं व्यापारी जहाज आहे, की शत्रूचे सैनिक लपवून निघालेली बोट? पडद्याला ते कळत नाही. मग जहाज वळतं आणि अंतर कमी करायला लागतं. तोफांचे बुरूज ठिपक्याच्या दिशेने फिरतात. आणि मग सिग्नलचा दिवा बोलायला लागतो. त्याची झडप खट, खट-खट, खट अशी उघडझाप करते. समुद्रावरचा जुना शिरस्ता आहे, गोळा टाकण्याआधी विचारायचं. कोण? कुठून? कुठे?

उत्तर यायला वेळ लागतो. पलीकडचा खलाशी झोपेतून उठतो, दिवा शोधतो, त्याला मोर्स नीट येत नाही, तो चुकतो, पुन्हा सुरू करतो. इकडे तोफेवरची पोरं तयार उभी आहेत. कोकणातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नौदलाची चाकरी चालत आलीय, त्यामुळे कुठूनतरी एक मालवणी शिवी तुमच्या कानावर येते आणि तुम्हाला एकदम घरच्यासारखं वाटतं. कप्तान काही बोलत नाही. त्या पाच-दहा मिनिटांत पलीकडच्या बोटीवरच्या सगळ्या माणसांचं जगणं-मरणं मावलेलं आहे आणि ती मिनिटं वापरायची कशी, याचंच त्याला शिक्षण मिळालंय.

तुम्ही त्याचा चेहरा निरखता. इथेच कलिंग असणार, तुमची खात्री असते. किनाऱ्याकडे अत्याचार झालेत, जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात येऊन पडलेत, पाण्यावर काय काय वाहत येत असेल. पण अंधारात चेहरा दिसत नाही, आणि दिसला असता तरी तिथे तुम्हाला कप्तानच दिसला असता. युद्ध न्याय्य आहे याबद्दल त्याला तेव्हा शंका नाही. त्याबद्दल खेद व्यक्त करत तो पुढे कधी फिरला, असंही नाही.

युद्धाच्या शेवटच्या दिवसांत या समुद्रात आणखी एक पाहुणा येतो. अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका एंटरप्राइझ मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून उपसागरात शिरते. ती काय घेऊन आलीय आणि काय करणार, कुणालाच माहीत नाही. ब्याससारखं जहाज तिच्यासमोर चिलटाएवढं. इथे सिग्नलचा दिवा दाखवून विचारायचं तरी काय?

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या होतात. ९३,००० युद्धकैदी. कमांडर रामदासांना वीरचक्र मिळतं. तुम्ही वाट बघता की आता तो टोपी काढेल, दूर क्षितिजाकडे बघेल. तसं काही होत नाही. जहाजावर रंगकाम निघतं, नोंदवह्या पुऱ्या होतात. चितगावच्या तोंडाशी पेरलेल्या सुरुंगांना मात्र युद्धबंदी कळलेली नसते. ते पाण्याखाली तसेच तरंगत राहतात आणि बंदर मोकळं करायला सोव्हिएत नौदलाला पुढची दोन वर्षं खपावं लागतं. लढाई तेरा दिवसांची आणि झाडलोट दोन वर्षांची, हा हिशेब पेढे वाटताना कुणी मांडत नाही.

या गुणाकार-भागाकारात कलिंग कुठे बसवायचं, तुम्हाला कळेनासं होतं. आपल्याला अशा गोष्टीची सवय लागलीय खरी. वाल्याला नारद भेटतो आणि त्याचा वाल्मीकी होतो. अगदी जवळचं उदाहरण हवं तर राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांचं. १९६५, खेमकरण, गाडीचा ड्रायव्हर असलेला जवान, भोवतालचे साथीदार सगळे गेले आणि आपणच उरलो, मग उरलो ते कशासाठी, हा प्रश्न. अण्णांच्या आयुष्याला असा एक सांधा आहे, तो बोट ठेवून दाखवता येतो. रामदासांच्या बाबतीत बोट ठेवायला गेलं की ते सरकत राहतं.

तरी तुम्ही शोधत राहता. १९७३ ते १९७६, बॉन. पश्चिम जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत ते नौदल प्रतिनिधी आहेत. देशाच्या मधोमध तारांचं कुंपण आणि दोन्हीकडे अणुबॉम्ब. त्याच कुंपणावरून चान्सलर विली ब्रँटने पूर्वेकडच्यांशी करारही करून टाकलेत. हे जवळून बघणाऱ्याच्या मनात काहीतरी राहिलं असेलच. पण वकिलातीतली नोकरी म्हणजे बहुतेक पार्ट्या आणि अहवाल. इथे फार वेळ घालवू नका.

नोव्हेंबर १९८४, दिल्ली. इथे मात्र थांबा, आणि साहेबांकडे बघू नका, त्यांच्या पत्नी ललिताबाईंकडे बघा. भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख ॲडमिरल कटारी यांची ही मुलगी, म्हणजे बालपणापासून नौदलाच्याच अंगणात वाढलेली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शिखांची कत्तल झाली आणि मदत छावण्यांत राबायला जे नागरिक पुढे आले, त्यांत ललिता रामदास होत्या. तुम्ही त्या छावणीत उभे राहता. सतरंज्या, दुधाची पातेली, जळालेल्या कपड्यांचा वास, आणि वह्यांत नावं उतरवून घेणाऱ्या बाया. कोण गेलं, कुठे गेलं, कुणी पाहिलं. नौदलातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बायकोने असल्या भानगडीत पडू नये, असं म्हणणारे तेव्हा असणारच. या घरात कलिंग झालं असेलच तर ते समुद्रावर झालं नाही, असं तुम्हाला पहिल्यांदा वाटतं. पुरुषाच्या आयुष्यात बदल कशाने झाला हे शोधताना आपण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे इतकं उशिरा का बघतो, कोण जाणे.

३० नोव्हेंबर १९९०. रामदास नौदलप्रमुख होतात. पुढच्या पावणेतीन वर्षांतल्या दोन गोष्टी पाहून पुढे जा. १९९२ मध्ये नौदलाची दारं महिला अधिकाऱ्यांना उघडतात. आणि त्याच वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना पहिल्यांदा देतात. १९८८ साली राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात झालेला करार आहे, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा. यादीत असतात नावं आणि ठिकाणं. शत्रूला स्वतःच्या हाताने पत्ते द्यायचे. तेव्हापासून दर १ जानेवारीला या याद्या बदलल्या जातात. कारगिल झालं, संसदेवरचा हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, याद्या थांबल्या नाहीत. असल्या बातम्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि तुम्ही त्या कधी वाचलेल्या नसतात.

सप्टेंबर १९९३ च्या अखेरीस ॲडमिरल निवृत्त होतात आणि अलिबाग तालुक्यातल्या भायमळ्याला येऊन राहतात. तुम्हीही त्यांच्या मागे तिथे जाता. भाताची खाचरं, आंबा, नारळ, दूरवर खाडीचा खारा वास. ज्या गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे त्या गावाच्या शेजारी देशाचा माजी नौदलप्रमुख शेतीत रमतो, यात एक गंमत आहे. ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणून अख्खी मुंबई ज्या गावाची टर उडवते, त्या गावाला आरमाराच्या बाबतीत कुणी शिकवायला जाऊ नये.

पण शेती हे काही त्यांचं एकमेव काम नव्हे. १९९४ च्या सप्टेंबरात लाहोरला दोन्ही देशांतली काही माणसं जमली आणि पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी या लांबलचक नावाचा मंच निघाला. पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीत पहिलं अधिवेशन. रामदास त्यात आले आणि पुढे भारताच्या बाजूचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. पलीकडच्या बाजूला होते आय. ए. रहमान, जन्माने आताच्या हरियाणातले, फाळणीत तिकडे गेलेले, पत्रकार, जनरल झियांच्या राजवटीत तुरुंग भोगलेले.

असल्या मंचाची टिंगल करणं सोपं आहे. मेणबत्त्यावाले म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. म्हणून एकदा त्यांच्याबरोबर प्रवास करून बघा. व्हिसासाठी महिनोन्‌महिने थांबा. तो देशाचा मिळत नाही, शहराचा मिळतो. लाहोरचा व्हिसा असेल तर शेजारच्या गावी बहिणीकडे जेवायलाही जाता येत नाही. पोचल्यावर पोलीस ठाण्यात हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. डिसेंबर २००३ मध्ये मंचाचं अधिवेशन कराचीत भरतं. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन, १९७१ साली त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर घाव घातला होता. त्याच महिन्यात, त्याच शहरात, भारतातून आलेली माणसं फुलांचे हार घालून घेतायत आणि बिर्याणीवरून वाद घालतायत. यातून काश्मीरचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण वर्तमानपत्रातून ओळखलेला शत्रू आणि जेवणाच्या टेबलावर मीठ पुढे करणारा माणूस यांत फरक पडतोच. रामदासांच्या घरात तर तो फरक जावई म्हणून आला. थोरली कविता, जिने पुढे ग्लोबल फंड फॉर विमेनचं नेतृत्व केलं, तिचा नवरा झुल्फिकार अहमद पाकिस्तानी.

आता जरा मागे या. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. तुम्ही पुन्हा मारुंजीत आहात, पण तुमची सोसायटी अजून कुणाच्या तरी शेतात आहे. शेजारी हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या उद्यानाची नुसती सुरुवात. संध्याकाळी वाजपेयी पत्रकारांपुढे येऊन चार वाक्यं बोलतात आणि पोखरणची बातमी घरोघर पोचते. पेढे वाटले जातात. तुम्हीही एक घेता. छाती फुगलीय, खोटं कशाला बोलायचं? दोन दिवसांनी आणखी दोन स्फोट. २८ मे रोजी पाकिस्तान चगाईच्या डोंगरात उत्तर देतो. पेढ्याची चव तोंडात असतानाच हिशेब बरोबरीत सुटतो.

भायमळ्यातला निवृत्त ॲडमिरल मात्र उघडपणे विरोधात उभा राहतो. हा माणूस हिशेब जाणतो, म्हणूनच त्याला भाबडा म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमण यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा बॉम्ब पडला तर काय होईल याची आकडेमोड केली. मृतांचा आकडा काही लाखांत जातो. माटुंग्याचं काय होईल, ससून डॉकचं काय होईल, रुग्णालयं कोणती उरतील. नोव्हेंबर २००० मध्ये दिल्लीत अणुशस्त्रांविरोधात सीएनडीपी ही आघाडी उभी राहते आणि तिच्या पुढाऱ्यांत रामदास असतात.

इथे तुम्हाला ब्यासवरचा तो दिवा आठवतो. आता जे लिहितोय ते माझं वाचन आहे, रामदासांच्या तोंडी घालू नका. ज्याने ठिपका दिसल्यापासून गोळा सुटेपर्यंतची मिनिटं हाताने मोजली, कोण, कुठून, कुठे विचारायला आणि उत्तराची वाट बघायला ज्याला वेळ मिळाला, त्याला अणुशस्त्रांत सगळ्यात आधी काय खुपत असेल? भारत आणि पाकिस्तान लागून आहेत. क्षेपणास्त्र सुटल्यापासून पडेपर्यंत पाच-दहा मिनिटं. शीतयुद्धात मॉस्को आणि वॉशिंग्टनला अर्धा तास तरी मिळायचा. रडारवरचा ठिपका खरा की चुकीचा, हे ठरवायचं कधी? पंतप्रधानाला झोपेतून उठवायचं कधी? दिवा लावायचा कधी? विचारायला सवड उरली नाही तर नौदलाची सगळी विद्या वाया गेली. या नजरेने बघितलं की सेनानीचा शांततावादी झाला, हे वाक्यच लंगडं वाटायला लागतं. त्याने कप्तानाचंच काम पुढे चालवलं.

३१ ऑगस्ट २००४, मनिला. रेमन मॅगसेसे यांचा जन्मदिवस, पुरस्काराचा दिवस. शांतता आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा पुरस्कार रामदास आणि रहमान यांना मिळून दिला जातो. दोघेही सत्तरीत. सभागृहात टाळ्या वाजतात आणि तुम्हीही वाजवता. कार्यक्रम चांगला होतो, पुरस्कारांचे कार्यक्रम होतात तसाच. चला पुढे.

कारण पुढचं जास्त गमतीचं आहे. ज्याला देश सलाम करतो तोच माणूस प्रश्न विचारायला लागला की काय होतं, ते बघा. २०११ च्या एप्रिलमध्ये जैतापूर पेटलंय. साखरी नाट्याचा मच्छीमार तबरेज सायेकर पोलिसांच्या गोळीने गेलाय. अणुप्रकल्पाच्या विरोधात तारापूरहून जैतापूरला यात्रा निघते, त्यात सत्याहत्तर वर्षांचे ॲडमिरल आहेत. पोलीस यात्रा अडवतात. माजी नौदलप्रमुखाला हात लावायचा कसा, हा पेच पोलिसांना नक्की पडला असेल, कारण सलाम ठोकायचा की गाडीत बसवायचं, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नसतं. आम आदमी पक्षाने त्यांना अंतर्गत लोकपाल नेमलं आणि त्यांनी पक्षातल्याच चुकांवर बोट ठेवताच २०१५ च्या मार्चमध्ये बाजूला केलं. पुलवामा आणि बालाकोटनंतर २०१९ च्या निवडणुकीत जवानांचे फोटो पोस्टरवर झळकू लागले, तेव्हा त्यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं. सैन्य कुठल्या पक्षाचं नसतं. हे सांगायला पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला पत्र लिहावं लागलं. सैनिकाने सीमेवरून बोललेलं आपल्याला आवडतं, परत येऊन बोललेलं आवडत नाही.

१५ मार्च २०२४ रोजी हैदराबादला ॲडमिरल गेले, नव्वदाव्या वर्षी. रहमान त्याआधी तीन वर्षं, एप्रिल २०२१ मध्ये.

तुमच्या प्रवासात आता एकच थांबा उरतो, आणि तो पुढचा आहे. १ जुलै २०२५. कराचीची ती बातमी सकाळपर्यंत खोटी निघाली होती, १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, तिलाही आता सात आठवडे लोटलेत. दोन्ही देशांचे उच्चायुक्त परत गेलेले नाहीत, वाघा बंद, विमानांना आकाश बंद. तरीही आज दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्या दिल्या जातायत. या अणुकेंद्रांच्या नव्हेत, माणसांच्या. २००८ च्या करारानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, एकमेकांच्या तुरुंगातले कैदी आणि मच्छीमार यांची नावं कळवायची असतात. मच्छीमारांच्या सुटकेसाठी रामदासांच्या त्या मंचातली माणसं वर्षानुवर्षं धावपळ करत आलीत.

यादी हातात घ्या. पाकिस्तानच्या ताब्यातले भारतीय वा भारतीय समजले जाणारे ५३ कैदी आणि १९३ मच्छीमार. भारताच्या ताब्यातले ३८२ कैदी आणि ८१ मच्छीमार. सर क्रीकच्या पुढे पाण्यावर रेघ मारलेली नसते. माशाच्या मागे गेलेली बोट कधी पलीकडे जाते, खलाशाला कळतही नाही. ओखा-पोरबंदरच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातली आदिवासी पोरं मजुरीला जातात, त्यामुळे यादीतल्या काही नावांचे नातेवाईक तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहतात. शिक्षा पुरी झालेल्या १५९ जणांना आधी सोडा, असं भारताने यादीसोबत लिहिलंय. शिक्षा पुरी झाली तरी माणूस सुटतोच असं नाही, कारण तो कुठल्या देशाचा हे आधी सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी उच्चायुक्तालयाचा माणूस तुरुंगात जाऊन भेटतो, गावाचं नाव विचारतो, बापाचं नाव विचारतो, मग ते कागद दिल्लीहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून ग्रामपंचायतीत येतात आणि तिथे कुणीतरी बसून रेशनकार्ड शोधतं.